मे महिन्याच्या सुट्टीत आफ्रिकेत सफारीला जावं का?

स्मिता_ठाणे

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ताडोबाला गेलो होतो. भर मे महिना, अंगाची लाही लाही होत होती, पण पाणवठ्यावर वाघीण पिल्लांसकट बसलेली दिसली. जिप्सीतून उतरता उतरता सासूबाई म्हणाल्या, "आता मला आफ्रिकेतला सिंह बघायचाय." त्या ७२ वर्षांच्या आहेत. पाठीचं दुखणं सोडलं तर तब्येत ठणठणीत. ११ वर्षांच्या मुलाचं म्हणणं वेगळंच: विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप मगरींच्या नदीतून पलीकडे जाताना बघायचे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मोठी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून साधारण १५ जूनपर्यंत, मग दिवाळीची, आणि नाताळचे थोडे दिवस. नवरा बँकेत, त्याला मार्चअखेर सोडून केव्हाही रजा मिळते.

दोन टूरवाल्यांशी बोलले. एकानं केनिया-टांझानियाचं एप्रिल-मेचं पॅकेज सांगितलं, जुलैच्या मानानं बरंच स्वस्त. तो म्हणतो, प्राणी काय, बाराही महिने तिथेच असतात. दुसरा म्हणतो, जुलै-ऑगस्ट सोडून गेलात तर पैसे वाया. इतका खर्च पुन्हा पुन्हा होणार नाही, म्हणून नीट ठरवायचंय. जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, आमच्या सुट्ट्यांत बसेल असा चांगला काळ कोणता?

कॅमेरावाला_नाशिक

ताई, नदी ओलांडतानाच बघायचं असेल तर जुलैअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, आणि जागा केनियातलं मसाई मारा. त्याला दुसरा पर्याय नाही. शाळेतून रजा काढा. मी ऑगस्टमध्ये गेलो होतो. गर्दी होती, धूळ होती, खर्चही जोरदार झाला, पण तो आवाज आणि ती धावपळ कानात अजून आहे. स्वस्त पॅकेजच्या नादी लागू नका.

अरुशाकरीण

स्मिताताई, मी मूळची सांगलीची, आता कित्येक वर्षं टांझानियात अरुशाला राहते. आमचा शेतीपंपांचा धंदा आहे, त्यामुळे पाऊस कधी लागतो आणि कधी उघडतो याकडे घरात सगळ्यांचं लक्ष असतं. इथला सफारीचा हंगामही पावसावरच ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एप्रिल-मेचं ते पॅकेज घेऊ नका. टूरवाला खोटं बोलत नाही, प्राणी बाराही महिने असतातच. पण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत इथे मोठा पाऊस असतो, त्याला इथले लोक मासिका म्हणतात. ताडोबात मे महिन्यात वाघीण का दिसली? गवत वाळलेलं, पानगळ झालेली, पाणी मोजक्या ठिकाणी. इथे मेमध्ये नेमकं उलटं असतं. गवत वाढलेलं, डबकी जागोजागी भरलेली, मग कोण कशाला नदीवर येईल? इथल्या तरांगिरे उद्यानाचंच बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथल्या नदीकाठी हत्तींचे कळपच्या कळप असतात, आणि पावसाळ्यात तेच हत्ती उद्यानाबाहेरच्या माळांवर पांगतात. शिवाय टांझानियातलं सेरेंगेटी आणि त्याला लागून असलेलं केनियातलं मारा, यांतली बरीच जमीन काळी, कापसाची आहे. पावसात ती गाडीचं चाक कशी धरून ठेवते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. चिखलात रुतलेली गाडी ओढताना बसणारे हिसके तुमच्या सासूबाईंच्या पाठीला सोसणार नाहीत. कितीतरी कॅम्प तर या दोन महिन्यांत बंदच असतात.

आता विल्डबीस्ट. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, जोडीला झेब्रे आणि गॅझेल, वर्षभर सेरेंगेटी आणि मारामध्ये गवताच्या मागे फिरत असतात. डिसेंबर ते मार्च ते दक्षिणेला, न्डुटूच्या आखूड गवताच्या माळावर. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, त्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि म्हणूनच माद्या तिथे येऊन वितात. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे पळायला लागतं, कारण तरस, चित्ते आणि सिंह जवळच टपलेले असतात. एप्रिल-मेमध्ये कळप वायव्येकडे सरकतात, जूनमध्ये पश्चिम पट्ट्यात ग्रुमेती नदीच्या आसपास असतात, जुलैपासून उत्तरेला मारा नदीवर. नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेची वाट. पाऊस पंधरा दिवस मागेपुढे झाला की हे सगळंच मागेपुढे होतं. अमुक तारखेला कळप नदी ओलांडतील असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या सुट्टीत बसणारा एक काळ मात्र फार चांगला आहे, आणि महाराष्ट्रातल्या शाळकरी घरांना तो कुणी सांगत नाही: जूनचे पहिले दोन आठवडे. तुमच्याकडे शाळा सुरू व्हायच्या असतात आणि आमच्याकडे पाऊस नुकताच थांबलेला असतो. हवा स्वच्छ, धूळ अजून उडायला लागलेली नसते, युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागलेल्या नसतात म्हणून गाड्यांची गर्दी कमी. गवत उंच असतं हे खरं, सिंह शोधायला ड्रायव्हरला डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. पण सेरेंगेटीच्या मधल्या, सेरोनेराच्या भागात सिंह आणि बिबटे वर्षभर असतात. न्गोरोन्गोरोचं विवर तर जवळजवळ ६०० मीटर खोल आणि सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. आत कायमचं पाणी आहे, त्यामुळे बहुतेक प्राणी तिथून हलत नाहीत. काळा गेंडा दिसायची शक्यता तिथे चांगली.

पैशांतही फरक पडतो. मसाई मारामध्ये २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्यांना जानेवारी ते जून दिवसाला माणशी १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तुम्हा मोठ्या तिघांचे तीन दिवस धरून बघा.

पश्चिम पट्ट्यात किंवा तरांगिरेला गेलात तर काळे आणि गडद निळे कपडे घालू नका, त्से-त्से माश्या त्या रंगांकडे धावतात आणि चावतात कडाडून. आफ्रिका म्हणजे उकाडा अशा समजुतीनं पातळ कपडे घेऊन येणारी आपली माणसं मी दरवर्षी पहाटे कुडकुडताना बघते. विवराची कड २३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जून-जुलैत तिथे स्वेटर आणि कानटोपी हवीच हवी.

मुलाच्या नदीबद्दल. तो सोहळा खरंच मोठा आहे. पण कळप काठावर येऊन तासन् तास उभा राहतो, पाण्यापर्यंत येतो, बिचकतो, मागे फिरतो. कधी कधी तो मागे फिरतो तो आपल्यामुळे. गाड्या काठाला इतक्या दाटतात की उतरायची वाटच अडते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांना बघायला समुद्र ओलांडून यायचं, त्यांचीच वाट अडवायची? कधीही आलात तरी ड्रायव्हरला "अजून थोडी पुढे घे" म्हणून भरीस घालू नका. तो पाहुण्यांना नाही म्हणू शकत नाही, त्याचं बक्षीस तुमच्या हातात असतं.

प्रिटोरियाकर

अरुशाच्या ताईंनी पूर्व आफ्रिकेचं छान सांगितलंय. पण स्मिताताई, तुमच्या प्रश्नात 'आफ्रिका' म्हणजे केनिया-टांझानिया असं धरलेलं दिसतं. विषुववृत्ताच्या खाली बरंच खाली या. आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा. मेअखेरीपासून इथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात झुडपांची पानं विरळ होतात, गवत वाळतं, लहान पाणवठे आटतात आणि जनावरं साबीसारख्या नद्यांवर आणि तळ्यांवर यायला लागतात. म्हणजे तुमचं ताडोबाचंच गणित, फक्त उन्हाळ्याऐवजी थंडीत. सगळ्यात भरभरून दिसतं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पण जूनही उत्तम. आमच्या शाळांची हिवाळी सुट्टी जूनअखेरीस लागते, त्याआधीचे दिवस शांत असतात.

पाठीचा त्रास असलेल्यांसाठी क्रूगरसारखी जागा नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत, आपली साधी भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं, वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. सिंह, हत्ती, म्हैस, गेंडा, बिबट्या सगळे आहेत. विल्डबीस्टही आहेत, मात्र ते लाखोंचे तांडे नाहीत आणि नदीचा तो प्रसंगही नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

मलेरिया क्रूगरमध्ये आहे, पण थंडीच्या कोरड्या महिन्यांत धोका बराच कमी होतो. अजिबातच नको असेल तर पिलानेसबर्ग किंवा मडिक्वे ही उद्यानं बघा, तिथे मलेरिया नाही.

जाता जाता, कुणी बोत्स्वानाचा विचार करत असेल तर. तिथल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं पाणी अंगोलाच्या डोंगरांतल्या पावसाचं. ते वाळवंटातून सरकत सरकत महिन्यांनी पोचतं, म्हणून तिथला पूर भर कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टच्या सुमारास असतो. स्थानिक पावसावर हिशेब केलात तर चुकेल. व्हिक्टोरिया धबधबा एप्रिल-मेमध्ये तुफान असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूनं जवळजवळ कोरडा कडा बघावा लागतो.

डॉ_कोल्हापूर

हंगामाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट कुणी लिहिली नाही. केनियासारख्या पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशातून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागू शकतं. मुलाला आणि तुम्हा दोघांना सहसा अडचण नाही. पण ही जिवंत लस आहे आणि ६० वर्षांपुढे पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तो दुर्मीळ आहे, तरी ७२ व्या वर्षी नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. आधी हे ठरवा, मग तिकिटं काढा.

भारतातून आखाती देशांमार्गे थेट दक्षिण आफ्रिकेला गेल्यास ही लस लागत नाही. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट मिळालं तर मात्र नियम नीट तपासा, नुसतं विमान बदलणंही अंगाशी येऊ शकतं.

स्मिता_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, लशीचं आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. दोन्ही टूरवाल्यांनी त्याचा उल्लेखही केला नव्हता. आज सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही टाळलेलं बरं असंच सांगितलं.

अरुशाच्या ताई, जूनचा पंधरवडा मनात बसला होता. पण आता असं वाटतंय, सासूबाईंना घेऊन जूनमध्ये क्रूगरला जावं, आणि नदीसाठी मुलगा आणि आम्ही दोघं पुढे कधीतरी वेगळे येऊ. त्यासाठी दिवाळीची सुट्टी चालेल का?

अरुशाकरीण

सासूबाईंसाठी क्रूगर हेच योग्य. माझ्या आईला आणायचं असतं तर मीही तेच केलं असतं.

दिवाळीचं म्हणाल तर वर्ष बघून ठरवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोवर इथे छोटा पाऊस, वुली, सुरू झालेला असतो आणि बरेचसे कळप सेरेंगेटीत खाली उतरत असतात. नदीसाठी ते वर्ष नको. २०२७ ला लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. सुट्टी त्याआधी चार दिवस लागली तर उत्तरेला कळप मिळू शकतात, पण तेही हंगामाचं शेपूटच. माझं ऐकाल तर मुलासाठी सप्टेंबर धरा. ठाणे-मुंबईच्या शाळांना गणपतीची चार-पाच दिवस सुट्टी असते, तिला थोडी रजा जोडली की जमतं. घरी गणपती बसत असेल तर अर्थातच तो सोडून येऊ नका. मग विसर्जनानंतरचा आठवडा घ्या.

जागा निवडताना मारासोबत सेरेंगेटीचा उत्तर भाग, कोगातेंडे, याचाही विचार करा. नदी तीच, कळप तेच, पण गाड्या कमी. अरुशाहून तिथे रस्त्यानं जायला सबंध दिवस जातो, म्हणून लोक छोट्या विमानानं जातात. त्यात साधारण १५ किलोच सामान घेता येतं, तेही मऊ पिशवीत. एकाच ठिकाणी निदान तीन रात्री राहा. आज मारा, उद्या नाकुरू, परवा अंबोसेली अशी धावती सहल असेल तर कळप काठावर आला तेव्हा तुम्ही महामार्गावर असाल. आणि केनियातून येणार असाल तर सामानात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालू नका, तिथे २०१७ पासून बंदी आहे.

कॅमेरावाला_नाशिक

सप्टेंबरला माझं अनुमोदन. मात्र फेब्रुवारीच्या न्डुटूबद्दल एक सांगतो, कारण लोक त्याला दुय्यम समजतात. गवत आखूड असल्यामुळे चित्त्याची शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते, आणि न्डुटूच्या भागात गाडी वाटेवरून खाली उतरवायला परवानगी आहे, जी सेरेंगेटी उद्यानात सहसा नसते. दुपारी ढग भरून येतात तेव्हाचा प्रकाश ऑगस्टच्या धुरळ्यात कधीच मिळत नाही. युरोपातून हिवाळ्यासाठी आलेले पक्षीही तेव्हा तिथेच असतात. शाळेचं बंधन नसलेल्या वाचकांनी जरूर विचार करावा.

स्मिता_ठाणे

ठरलं मग. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रूगर, आम्ही चौघं. मुलाला नकाशा काढून कळप कुठल्या महिन्यात कुठे असतात ते दाखवलं. थोडा हिरमुसला, पण आता तोच नकाशा त्यानं भिंतीवर लावलाय. प्रिटोरियाकर, राहायचं कुठे, तेवढं सांगाल का? सासूबाई शाकाहारी आहेत.

प्रिटोरियाकर

उद्यानाच्या आतल्या सरकारी कॅम्पमध्येच राहा, बाहेर राहिलात तर रोज सकाळचा मोलाचा तास गेटवर जातो. दोन-तीन रात्री लोअर साबी, मग दोन-तीन रात्री सातारा. नाव ऐकून सासूबाई खूश होतील, आणि तो सिंहांचाच भाग आहे. लोअर साबीशेजारी सनसेट डॅम नावाचं तळं आहे, तिथे गाडी लावून नुसतं बसलं तरी पाणघोडे, मगरी आणि पाण्यावर येणारी जनावरं दिसत राहतात. ज्या दिवशी पाठ कुरकुरेल त्या दिवशी तेच करा.

स्वयंपाकाची सोय असलेलं घर मागून घ्या, सगळ्या घरांत ती नसते. तांदूळ, डाळ आणि भाज्या आत शिरण्याआधी गावात भरून घ्या, कारण कॅम्पच्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणजे बहुतेकदा सॅलड आणि बटाटे. व्हिसाला वेळ लागू शकतो, अर्ज लवकर करा, आणि मुलाचा आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला सोबत ठेवा.

जूनमध्ये कॅम्पचं गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला तर दंड होतो, त्यामुळे चार वाजले की परतीचं अंतर बघायला लागा. वाटेत हत्ती रस्त्यावर उभे राहिले तर हॉर्न वाजवू नका, गाडी मागे घ्या आणि थांबा, तेवढा वेळ हिशेबात धरूनच निघा.